व्याह्यांनी प्यायलेलं सरबत

दुखण्यापेक्षा मधुकररावांना आतड्याच्या तपासणीचीच भीती जास्त होती. बुऱ्हाणपूरच्या त्या दवाखान्यात नवी सोय आली होती. डॉक्टर कॅमेऱ्याने आतडं पाहत असताना कॉम्प्युटरही सोबत पाहायचा आणि संशय आला की पडद्यावर तिथे हिरवी चौकट काढायचा. "म्हणजे डॉक्टरच्या नजरेतून सुटलेलं हा धरणार!" मधुकरराव बायकोला, शोभाताईंना, म्हणाले.

तपासणीच्या दिवशी सकाळी शोभाताईंनी पोट साफ करायचं लिंबाच्या चवीचं औषध मोठा जग भरून पाण्यात कालवलं. "सगळं संपवा," असं बजावून त्या देवळात गेल्या.

तेवढ्यात जैनाबादहून व्याही सुकलालभाऊ घामाघूम होऊन आले. "वा, लिंबू सरबत! आज एकादशी, व्याही. सकाळपासून बस कोऱ्या चहावर हाय."

मधुकररावांनी तोंड उघडलं, भरलेला जग पाहिला आणि तोंड मिटलं. "घ्या ना," ते म्हणाले, "संकोच करू नका."

शोभाताई परतल्या तेव्हा जग रिकामा आणि संडासाचं दार बंद. त्यांना भरून आलं. "शाब्बास! होतंय ना साफ?"

"विहीणबाई," आतून क्षीण आवाज आला, "पाव्हण्याला असं पूछतात का?"

घाबरून शोभाताईंनी दवाखान्यातल्या डॉक्टर सायलींना फोन लावला. डॉक्टरांनी व्याह्यांचं वय आणि आजार विचारले, तपासणी जन्मात झाली नसल्याचं ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यांची तयारी असेल तर आज त्यांनाच आणा."

"आणा म्हणजे काय, चला!" सुकलालभाऊ भिंतीला धरून म्हणाले. "आता आत राहिलंच काय? देखू द्या."

दवाखान्यात बाहेर बसलेले मधुकरराव मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. डॉक्टर आल्या. "आतड्याच्या घडीआड एक बारीक गाठ होती. माझी नजर कदाचित पुढे गेली असती, पण चौकट उमटली. काढून टाकलीय. राहिली असती तर पुढे कॅन्सरही होऊ शकला असता."

मधुकररावांनी व्याह्यांपाशी सगळं कबूल केलं. सुकलालभाऊंनी त्यांचा हात घट्ट धरला. "असा पाहुणचार कोन करतं हो!"

पुढच्याच आठवड्यात मधुकरराव मुकाट्याने टेबलावर आडवे झाले. कॉम्प्युटरने सबंध आतडं पाहिलं. एकही चौकट नाही. शोभाताईंनी देवाला हात जोडले.

मधुकरराव मात्र जरा खट्टू दिसले. "पुन्हा एकदा बघता का, डॉक्टर?" ते म्हणाले. "व्याह्यांकडे कसं, निदान काहीतरी निघालं."