बोरसे सरांची खोली

आमच्या बोरसे सरांना भेटेल त्याला एकच सल्ला द्यायची सवय होती. "खोली कमी करा."

रजेचा अर्ज लिहिणाऱ्याला, परीक्षेचं वेळापत्रक लावणाऱ्याला, बारशाचं आमंत्रण घेऊन आलेल्यालाही तेच. हे ऐकून ऐकून आमच्या हेडक्लार्कने एकदा लिंबायतला सरांच्या घरी दलाल पाठवला. सरांना लहान जागा हवी आहे, असा त्या भल्या माणसाचा समज झाला होता. सर आधीच एका खोलीत राहत होते. त्यांनी दलालाला पाणी दिलं, तो दिवसभर कुठे कुठे हिंडतो ते विचारून घेतलं आणि त्याच्या फेऱ्या निम्म्यावर आणून दिल्या.

सरांची खोली म्हणजे सर्किटची खोली. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची, सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली. सर आणि मी दोघंही तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. मी नागपूरची, ते खानदेशातून लूमवर कामाला आलेल्या जोडप्याचे चिरंजीव. कुठल्याशा परदेशी मासिकाच्या झेरॉक्समधून त्यांना क्वांटम कॉम्प्युटरचा शोध लागला आणि ते कामातून गेले.

मला त्यांनी समजावलं ते असं. या यंत्रात माहिती ज्यात साठवतात तो क्यूबिट भारी नाजूक असतो. जरा वेळ गेला की विसरतो, आणि प्रत्येक क्रियेत थोडी चूक होतेच. गणित एकामागून एक शंभर पायऱ्यांनी मांडलं, तर उत्तर येईपर्यंत प्रश्नच पुसून गेलेला असतो. म्हणून ज्या क्रिया एकमेकींच्या आड येत नाहीत त्या एकाच वेळी उरकायच्या. एक करणारी आणि तीच उलटवणारी अशा दोन शेजारी आल्या की दोन्ही खोडायच्या. उत्तर तेच, पायऱ्या कमी. या पायऱ्या म्हणजे खोली.

असं यंत्र सुरतेत नव्हतं, भारतात नव्हतं. जगात होतं म्हणे, पण दोन-तीन क्यूबिटांचं. सर मात्र पन्नास क्यूबिटांची बेरीज करणारं सर्किट मुलांच्या जुन्या प्रॅक्टिकल वह्यांच्या कोऱ्या पानांवर आखत. विभागप्रमुख देसाईसाहेब दर आठवड्याला विचारत, "बोरसेभाई, मशीन क्यां छे?" सर शांतपणे सांगत की मशीन येईल तेव्हा धावपळ नको. मुलगी पाळण्यात असताना रुखवत मांडून बसलेल्या बापाकडे बघावं तसे साहेब त्यांच्याकडे बघत.

कॉलेजलाही सरांनी सोडलं नाही. जूनच्या बैठकीत एक ठराव झाला आणि ऑगस्टच्या बैठकीत तो रद्द झाला. सरांनी लेखी सुचवलं की पुढच्या वर्षी दोन्ही बैठका गाळाव्यात, परिणाम तोच राहील. या सूचनेवर विचार करायला प्राचार्यांनी तिसरी बैठक बोलावली.

शेवटी सरांनी आपल्या सर्किटवर शोधनिबंध लिहिला. तो परदेशी मासिकाला पाठवायचा तर कॉलेजच्या नियमाप्रमाणे सात टेबलांच्या सह्या हव्यात. सरांनी सात टेबलांचा अभ्यास केला आणि अर्जाच्या दोन प्रती काढून एक देसाईसाहेबांकडे, एक रजिस्ट्रारकडे एकाच वेळी दिली. दोन्ही प्रती आठवड्याने परत आल्या. साहेबांच्या प्रतीवर शेरा होता, 'रजिस्ट्रारची सही आधी घ्यावी.' रजिस्ट्रारच्या प्रतीवर, 'विभागप्रमुखांची सही आधी घ्यावी.' सरांना राग आला नाही. इथे क्रम बदलता येत नाही, हे त्यांनी वहीत टिपून घेतलं. निबंध पोस्टात पडायला चार महिने लागले.

त्याचं उत्तर आलं तेव्हा सर आठवडाभर रजेवर होते. पाकिटावरचं तिकीट शिपायाने संग्रहासाठी आधीच कापून घेतलं होतं; आतला कागद तरी सरांना मिळावा म्हणून मी रिक्षा करून लिंबायतला गेले.

दार उघडंच होतं. सर जमिनीवर बसले होते आणि एक वयस्कर बाई गॅससमोर उभ्या होत्या. मी पाकीट पुढे केलं. वर्षभर ज्या पत्राची वाट बघितली ते त्यांनी न फोडता मांडीवर ठेवलं आणि मला हाताने गप्प बसायची खूण केली.

पातेल्यात दूध-पाणी आधीच मोजून ठेवलेलं होतं. साखर आणि चहा एकाच पुडीत बांधलेले. बाईंनी पुडी पातेल्यात सोडली, हळूच मागे बघितलं. सरांनी मान हलवली. चहा वर आला, बाईंनी गॅस बंद केला आणि तो गाळला.

"माय आहे," सर हलक्या आवाजात म्हणाले. "पाच गोष्टी करायच्या म्हटल्या की तिसरीला पहिली विसरते. तीन जमतात."

शेजारच्या काकू रोज तिच्यापाशी बसत. त्या गावी गेल्या, म्हणून रजा. चहा तुम्हीच का करत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिने जन्मभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. हात रिकामे राहिले की ती रडते.

मायने मला कप दिला आणि विचारलं, "तू कोनी पोर शे?" मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं.

मग सरांनी पाकीट फोडलं. निबंध स्वीकारला होता, दोन दुरुस्त्या सुचवून. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. मायने कागदाकडे बोट करून काय लिहिलंय ते विचारलं.

"तुना पोऱ्या हुशार शे, आसं लिखेल शे," सर म्हणाले.

मायचा चेहरा उजळला. तिने दाराकडे बघितलं. "मना पोऱ्या? कोठे शे तो?"

सरांनी चहाचा घोट घेतला.

"येई आते, माय," ते म्हणाले. "कॉलेजमा गयेल शे."

मग दोघंही दाराकडे बघत बसले.