कपडा गप बसला पायजे

आमच्या गल्लीतली पोरगी इंटरव्ह्यूला निघाली की आधी कौसामावशींच्या दारात दोन्ही हात वर करून उभी राहते. नवख्याला वाटावं, पोरीनं काहीतरी चोरलंय आणि म्हातारीनं तिला पकडलंय. मावशी मात्र हात वर केल्यावर कुडता कुठवर चढतो, तेवढंच बघत असतात.

मग पेन खाली टाकतात. "उचल." वाकताना ओढणी घसरली की पोरगी नापास. नाहीच घसरली, तर तिला कूलरसमोर बसवून बटण फुल्ल फिरवतात. "सायबाच्या खोलीत कूलर असतोय बाई. तू ओढणी धरशील का उत्तर देशील?"

पालुपद एकच. "कपडा गप बसला पायजे. बोलायचं ते तू बोल."

मावशी बीडच्या एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेल्या. मूलबाळ नाही. गल्लीतल्या पोरींवर हुकूम चालवायला त्यांना नेमलं कुणी, देव जाणे! घाटनांदूरची माझी भाची आरशांचं काम केलेला ड्रेस घालून आली, तर म्हणाल्या, "आरसे कावून गं? तुझ्यात बघून सायबाला भांग पाडायचाय का?" पोरगी रडकुंडीला आली. मग स्वतःच तिच्या साध्या सुती ड्रेसला इस्त्री करून दिली. भाची त्यांच्यावर फुगली होती, पण गेली तोच सुती ड्रेस घालून.

माझी धाकटी जाऊ वैशाली. दीर अपघातात गेले, पदरात लेकरू. एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनची जागा निघाली आणि तिला बोलावणं आलं. त्या सकाळी सासूबाईंनी कपाटातून पांढुरकी साडी काढली. "हीच नेस. कपाळ मोकळंच ऱ्हाऊ दे. बघणाराच्या काळजाला पाझर फुटला पायजे."

सासूबाई वाईट नाहीत हो. नातवाच्या घासाची काळजी बोलत होती. पण माझा जीव नुसता जळत होता. वैशाली मुकाट्यानं नेसली. आम्ही तिघी निघालो, तर ती गल्लीच्या रिवाजानं मावशींच्या दारात थांबली आणि तिनं हात वर केले.

मावशींनी तिचे हात खाली घेतले. पेन टाकलं नाही की कूलर लावला नाही. "ही साडी कुणी दिली काढून?"

सासूबाईंनी कारण सांगितलं.

"मलाबी असंच नेलतं," मावशी म्हणाल्या. "मालक गेले, त्यांच्या जागेवर मला कचेरीत घेणार होते. सासरे म्हणले, डोळे पुसू नको, तशीच चल. मी बारावी पास होते. रातभर पाठ करून गेलते. सायबानं माझ्या कपाळाकडं बघितलं अन् सही केली. एक सवाल इचारला न्हाई. मग जन्मभर कितीबी काम करा, लोकांसाठी मी आपली बिचारीच."

मावशी आतून स्वतःची गडद निळी साडी घेऊन आल्या. वैशालीला नेसवली, पदराला पिन लावली आणि माझ्याकडे वळल्या. "टिकली हाय का गं?"

मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट दिलं. मावशींनी वैशालीची हनुवटी धरून बारीकशी टिकली लावली. सासूबाईंनी आधी तोंड फिरवलं. मग पुढे होऊन त्यांनीच आपल्या पदरानं सुनेचे डोळे पुसले.

संध्याकाळी वैशाली पेढे घेऊन थेट मावशींकडे गेली. "लागली नोकरी! लई सवाल इचारले मावशी. कम्प्युटरवरबी बसवलं!"

मावशींनी तिला समोर बसवून घेतलं. काय विचारलं, तू काय म्हणालीस, मग ते काय म्हणाले, सगळं ऐकलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. काही उत्तरं वैशालीच्या आधी त्यांच्याच तोंडून येत होती.

निघताना वैशालीनं सकाळच्या पाकिटातली एक टिकली काढून बोटावर धरली. "मावशी, तुमीबी लावा."

मावशी त्या टिकलीकडे बघत राहिल्या. मग हसून त्यांनी तिचं बोट हलकेच बाजूला केलं.

"मला कुठं गं इंटरव्ह्यूला जायचंय आता?"