रायफलीचे अभ्यंगस्नान

अमेरिकेत मोंटानातील एका टपाल कचेरीत बावीस वर्षे इमानाने शिक्के मारणाऱ्या वेंडेलने शुक्रवारी संध्याकाळी एक छोटासा निर्णय घेतला: सासऱ्यांच्या रायफलीला तेलाचा एक थेंब द्यावा.

रायफल साधीसुधी नव्हती. नव्वद वर्षांची, लिव्हर खाली ओढून वर घेतली की नवे काडतूस चढवणारी, आणि सासरे हॅल्व्हर यांना पोटच्या लेकीपेक्षा किंचित अधिक प्रिय. (लेक आर्डिस त्यांनी तीन महिन्यांच्या ओळखीवर देऊन टाकली होती, रायफल हाती देण्यास एकोणीस वर्षे लागली.) तीही अटीवर. उद्या, हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी, जावयाने तिची अब्रू राखली तर ती कायमची त्याची; नाहीतर मेहुण्याची, कर्टची.

"एकच थेंब. तोही पुसून काढायचा," हॅल्व्हरनी बजावले होते.

वेंडेलने विचार केला, एका थेंबावर जी नव्वद वर्षे टिकली, ती वीस थेंबांवर किती टिकेल! तिसऱ्याच थेंबाला तेलाची कुपी संपली, तेव्हा त्याने शेडमधून ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आणला.

"रायफल साफ करतोयस की तळतोयस?" आर्डिसने विचारले.

"जुन्या वस्तूंना माया लावावी लागते."

"तुझी माया माझ्या टेबलक्लॉथवर ओघळतेय!"

पहाटे पारा शून्याखाली वीस. साठ पावलांवर, देवदारांच्या कडेला, भल्याथोरल्या शिंगांचा नर आडवा उभा होता.

"मार!" बर्फात गुडघे टेकलेले हॅल्व्हर पुटपुटले.

वेंडेलने चाप ओढला. टिक्! घोडा पडला खरा. पण आतल्या कांडीने काडतुसाला टोला देण्याऐवजी जेमतेम गोंजारले. मधाच्या बरणीतून पळी उपसावी तशी त्याने लिव्हर ओढली. न उडालेले काडतूस बर्फात पडले. पुन्हा टिक्! तिसऱ्या वेळी तो नर कुतूहलाने दोन पावले जवळ आला. चौथ्यानंतर मात्र कंटाळून निघून गेला.

हॅल्व्हरनी हातमोजा काढून रायफलीवर बोट फिरवले, हुंगले.

"कुठलं तेल हे?"

"ट्रॅक्टरचं."

"किती घातलंस?"

"प्रेमानं घातलं, बाबा."

"अहो जावईबुवा, थंडीत त्याचा डिंक होतो, डिंक!"

घरी आर्डिस घासलेटात रायफलीचा एकेक भाग धूत होती. सासरे कॉफी पीत होते. वेंडेलची मान खाली.

"मग कर्टला देणार ना, बाबा?" तिने विचारले.

"नाही. रायफल वेंडेलचीच."

वेंडेल खुर्चीतून उठलाच. "बाबा, माझ्यावर एवढा विश्वास—"

"विश्वास कसला? कर्टचा नेम अचूक आहे," हॅल्व्हर म्हणाले, "आणि यंदा हरणं फार कमी झालीत. रायफल चार वर्षं तुझ्या हातात राहिली, तर बिचारी पुन्हा वाढतील."