सहा जण मुक्कामाला

रायपूर राजधानी झालं तसं सगळं जग तिथं यायला लागलं आणि दिवाकररावांचा निरंजन तेवढा पुण्याला गेला. जाताना वडिलांचा वेळ जावा म्हणून काचेच्या टाकीत निऑन टेट्रा सोडून गेला. बोटाच्या पेराएवढे, निळ्या रेघेचे, भांडण ठाऊक नसलेले मासे. दिवाकररावांनी त्यांना इतक्या मायेनं खाऊ घातलं की पाणी नासलं आणि एकच मासा उरला.

तो फिल्टरमागं लपून राहायचा, खायचा नाही. दिवाकररावही चहा-टोस्टवरच दिवस काढत होते, पण त्यांची काळजी करायला घरात कोणी नव्हतं. त्यांनी तात्यापाऱ्यातल्या माशांच्या दुकानात फोन लावला.

"अंकल, ये झुंड वाली मछली है," दुकानदार धर्मपाल म्हणाला. "अकेली रहेगी तो मर जाएगी. शाम को छह और ले आता हूँ."

दिवाकररावांना एवढा आनंद झाला की ते अंगण झाडायला लागले. भिंतीवरून शेजारच्या वनमालावहिनी डोकावल्या.

"काहून भाऊजी, आज झाडून राहिले? कोणी येऊन राहिलं का?"

कित्येक दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. माशांसाठी झाडतोय म्हणायची लाज वाटली. "हव. सहा जण."

"जेवाले?"

"मुक्कामालेच."

त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे बूढापारा मोहल्ल्यातल्या, मराठी घरांचा नेम असा, की एकट्या पुरुषाकडं पाहुणे आले तर चूल शेजारी पेटते. वनमालावहिनींनी गोळाभात टाकला, समोरच्या प्रेमलाकाकूंनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या, मागच्या घरातल्या मीनलनं गाद्या पाठवल्या. दिवाकरराव खरं सांगायला तोंड उघडत, तेवढ्यात आणखी एक डबा आत येई आणि सांगणं अवघड होऊन बसे.

"पाहुण्यांत लहान पोट्टे आहेत का?" मीनलनं विचारलं.

"सगळे लहानच," दिवाकरराव म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी दाराशी स्कूटर थांबली. वनमालावहिनी पाय धुवायच्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या. उतरला एकटा धर्मपाल, हातात पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पन्नी.

"पाहुणे कुठं हायेत?" प्रेमलाकाकूंनी विचारलं.

दिवाकररावांनी पन्नी वर धरली. वनमालावहिनींनी एकदा माशांकडं पाहिलं, एकदा तांब्याकडं.

"एकटा जेवत नव्हता, वहिनी," दिवाकरराव खाली मान घालून म्हणाले.

"कोन?"

ते दारातून बाजूला झाले. वहिनींची नजर टेबलावरच्या टोस्टच्या पुड्याकडं गेली.

"पत्रावळी मांडा," त्या म्हणाल्या. "सयपाक फेकाले नाही केला."

पन्नी टाकीत तरंगत ठेवली, मग मासे पाण्यात सोडले. जुना मासा फिल्टरमागून निघाला, त्या सहांत शिरला आणि खायला लागला. इकडं दिवाकररावांनी भात पुन्हा मागून घेतला. रात्री डबे-गाद्या उचलून सगळे गेले आणि घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटू लागलं. मासे घोळक्यानं फिरत होते. दिवाकररावांना त्यांचं बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

काही दिवसांनी वनमालावहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. दिवाकररावांनी रिसीव्हर उचलला आणि नंबर न फिरवताच खिडकीशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "धर्मपाल भैया, छह और भेज दो."

भिंतीपलीकडून आवाज आला, "भाऊजी, फोन त सकाळपासून साऱ्या पाऱ्याचे बंद हायेत. भात किती वाजता टाकू?"