रीस्टार्ट सरांच्या चिठ्ठ्या

माणसाची फजिती व्हायला मोठा निर्णय लागतो असं नाही. चिठ्ठी चिकटवायचा निर्णय पुरतो. बोटभर लांबीची, पाठीला डिंक असलेली साधी पांढरी चिठ्ठी. स्टेशनरीच्या दुकानात शंभराच्या पाकिटात मिळते. रीस्टार्ट सरांनी अशी तीन पाकिटं घेतली आणि चौथं लाल घेतलं. दुकानदाराने सहज विचारलं, "काय सर, घरात कार्य आहे वाटतं?"

"कार्य कसलं, अभ्यास आहे," सर म्हणाले, ते अशा आवाजात की दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही.

सरांना आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं. पण शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चौदा वर्षं काढल्यावर ते पगारपत्रकापुरतं उरलं. कोणी म्हणावं, "सर, स्क्रीन काळी पडली," सर म्हणणार, "रीस्टार्ट कर." कोणी म्हणावं, "सर, माउस हलत नाही," तरी तेच. (एकदा बायको म्हणाली, "डोकं फार दुखतंय हो," तेव्हाही सर सवयीने तेच बोलून गेले होते. पुढचे दोन दिवस घरात फक्त पंख्याचा आवाज होता.)

लॅबला खिडकी नव्हती. चाळीस मशीन्सची घरघर, तेलकट कीबोर्ड, आणि आत येतायेताच "सर, नेट गेलं" म्हणून ओरडणारी पोरं. जिन्यापलीकडे मात्र शाळेची लायब्ररी होती. तिथे शांतता होती, लाकडी टेबल होतं आणि टेबलामागे खिडकी होती. खिडकीतून एक भिंत आणि अर्धं झाड दिसायचं. सरांना ते अर्धं झाड पुरेसं होतं. लायब्ररीतल्या बाई या महिनाअखेर निवृत्त होणार हे वर्षापूर्वी कळलं, त्याच दिवशी सेहेचाळिसाव्या वर्षी सरांनी ग्रंथालयशास्त्राच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "महिनाअखेर कोर्स पुरा झाला, तर खुर्ची तुमची. नाहीतर मी बाहेर जाहिरात देणार."

सगळं झालं होतं, एक प्रात्यक्षिक सोडून. किमान चाळीस वस्तूंचा संग्रह घ्या, त्याचं वर्गीकरण करा, प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी लावा, नोंदवही लिहा, आणि सगळ्याची फाइल ठरल्या दिवशी पाचच्या आत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवा. पाचनंतर चढवली, तर वर्ष गेलं.

लायब्ररीतली पुस्तकं मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. पण लायब्ररीतल्या बाईंनी कपाटाच्या किल्ल्या पदराला बांधल्या होत्या.

"बाई, चाळीसच पुस्तकं. लगेच परत लावून देतो."

"सर, बत्तीस वर्षांत माझं एक पुस्तक हरवलं नाही. का ठाऊक आहे? मी एकही बाहेर जाऊ दिलं नाही."

मग सरांना वाटलं, संग्रह तो संग्रह. लॅबमध्ये मशीन्सही चाळीसच आहेत.

तत्पूर्वी हात बसावा म्हणून त्यांनी रविवारी घरच्या स्वयंपाकघराचं वर्गीकरण केलं. पांढरं आणि दाणेदार हा एक वर्ग. दिसायला शिस्त यावी म्हणून सगळा माल सारख्या डब्यांत गेला, आणि त्या गडबडीत मिठाने साखरेचा डबा घेतला, साखरेने मिठाचा. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या. ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळी बायकोचा हात न बघता वीस वर्षांच्या सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला, आणि दोघांनी चहाचा पहिला घोट एकाच वेळी घेतला.

"अहो," बायको कप खाली ठेवत म्हणाली, "जागा हाताला ठाऊक असते, चिठ्ठीला नाही."

"तू चिठ्ठी वाचली असतीस तर..."

"सकाळी सहाला मी माझ्या स्वयंपाकघरात वाचन करू? आज दुपारी सगळा माल आपापल्या जुन्या डब्यात जाणार. त्या चिठ्ठ्या निघत नाहीत, त्या तुमच्या तुम्ही सोलत बसा."

सर तोंडावर पाणी मारून शाळेत गेले. आज शेवटचा दिवस होता.

हार्डवेअरच्या धंद्यात एक गोष्ट सांगतात. एका दुकानदाराच्या नव्या जावयाने सासऱ्याला खूश करायला म्हणून एका रात्रीत सगळे स्क्रू लांबीप्रमाणे लावून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून सासरा स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकासारखा उभा राहून विचारायचा, "जरा दीड इंची मिळेल का हो?" ही गोष्ट सरांना कोणी सांगितली नव्हती. सांगून उपयोगही नव्हता, जावयालाही कोणीतरी सांगितलीच असेल.

आदल्या संध्याकाळी सरांनी लॅबमध्ये काय केलं होतं ते ऐका. मशीन्सवरचे एक ते चाळीस हे जुने नंबर त्यांनी खरवडून काढले आणि विषयवार वर्ग पाडले: चालणारी, कण्हणारी, मधूनच झोपणारी. प्रत्येकीला लांबलचक दशांश क्रमांक. शिवाय पुस्तकात एक नियम होता: ज्याला बरेच दिवस कोणी हात लावला नाही, ते मोडीत काढावं. सरांनी यात भावना आणायची नाही असं ठरवलं. टेबलाशी बसून मुलांच्या वापराची वही उघडली, तीन महिन्यांत ज्यांच्यापुढे एकही नोंद नाही अशी सहा मशीन्स निघाली, त्यांना लाल चिठ्ठी. यादी शिपाईमामांच्या हातात देऊन सर घरी गेले. मामांनी यादीप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवल्या, मशीन्स नव्या क्रमाने मांडली आणि लाल चिठ्ठीची सहा बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. मामा शिस्तीचे. सांगितलेलं करतात आणि न सांगितलेलं विचारत नाहीत.

सकाळी रिकामा कोपरा पाहून सरांना बरं वाटलं. दिवसभरात बरं वाटायची ती शेवटची वेळ.

अकराला नववीची ऑनलाइन परीक्षा होती. ती होती हे सरांना माहीत होतं. परीक्षेत मुलाला वापरातल्या मशीनचा जो नंबर मिळतो, त्याच मशीनवर ते बसतं, हेही माहीत होतं. फक्त या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कपाटांत होत्या.

"सर, माझा नंबर सतरा. सतरा कुठंय?"

"सतरा आता... थांब हं..." सरांनी नोंदवही उघडली. नोंदवही सुंदर होती. पण ती नव्या क्रमांकांनी लावलेली होती. जुना सतरा शोधायला सगळी पानं चाळायला हवी होती. उलटा शोध घ्यायचा तर सूची लागते. सूची हे सातवं प्रकरण. सरांनी ते सोपं दिसलं म्हणून सोडलं होतं.

"सर, माझ्या मशीनवर 'कण्हणारी' लिहिलंय. मी बसू का?"

"सर, हा म्हणतो तो चालणाऱ्यात आहे आणि मी झोपणाऱ्यात!"

"सर, हे बदलून मिळेल का? आई म्हणाली होती चांगल्या ठिकाणी बस."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चौतीस मुलांपैकी नऊ जागेवर बसली होती, आणि दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. त्या ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली. "सर, सगळी मशीन्स चालूच करू या ना. परीक्षेचा प्रोग्राम उघडला की नंबर स्क्रीनवर येतोच."

पाच मिनिटांत सगळी मुलं जागेवर होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, हिचा कोर्स कुठला हो?" आणि निघून गेल्या.

परीक्षा संपेपर्यंत अडीच वाजले. मुलं गेली. आता फाइल चढवायची, की झालं. सरांनी काल वर्ग पाडता पाडता भरलेली फाइल एका जुन्या मशीनवर होती. मुलांनी खेळता खेळता ती उडवू नये म्हणून सरांनी त्या मशीनवर सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने 'बंद आहे' अशी पाटी टांगली होती. मशीन ठणठणीत होतं. पाटीमुळे तिथे कोणी फिरकायचं नाही. जुना नंबर एकतीस.

सरांनी नोंदवही उघडली. एकतीस. सगळ्यात शेवटच्या पानावर. मुलांचा वापर: शून्य. शेरा: मोडीत.

अक्षर सुवाच्य होतं. त्यांचंच होतं.

व्हरांडा रिकामा होता.

"मामा, इथली मशीन्स?"

"भंगारवाला घेऊन गेला ना सर, परीक्षा चालू होती तेव्हा. मोठ्या बाईंनी सही केली. म्हणाल्या, दोन वर्षं मागे लागले होते ही अडगळ काढा म्हणून, शेवटी सरांनी मनावर घेतलं."

"मामा, त्यातल्या एकावर 'बंद आहे' अशी पाटी होती!"

"हो की. म्हणून ते आधी उचललं."

बस तासाभराने आली, आणि भंगाराचं दुकान तिथून चाळीस मिनिटांवर होतं. बसच्या काचेला डोकं टेकून सर बसले. वर्ष गेलं. खुर्ची गेली. पुढच्या वर्षी त्या खिडकीपाशी बाहेरून आलेला कोणीतरी पंचविशीतला माणूस बसेल, आणि त्याला झाडाकडे बघायचं सुचणारही नाही. सरांना आपल्यावरही एक लाल चिठ्ठी दिसू लागली. तीन महिन्यांत आपल्याला तरी कोणी काय विचारलंय, नेट कधी येणार याखेरीज?

भंगारवाला गंजक्या तराजूशेजारी बसून पेपर वाचत होता. मागे मशीन्सची भिंत होती, शंभर तरी असतील, सगळी सारखी, सगळी धुळीने माखलेली.

"शाळेतून सहा आली ना आज? त्यातलं एक हवंय. लाल चिठ्ठीशेजारी त्याचा क्रमांक आहे."

"चिठ्ठ्या आल्याबरोबर सोलतो मी. डिंकाला मुंग्या येतात."

सर मटकन एका टायरवर बसले. भंगारवाल्याने पेपर खाली ठेवला. "असं खचू नका साहेब. तुमचं मशीन कसं होतं ते बोला."

"जुनं. राखाडी. डाव्या अंगाला जरा पोचा आलेला..."

"आणि वरच्या बाजूला कपाच्या बुडाचा गोल डाग?"

सरांनी मान वर केली. चौदा वर्षांचा चहा.

भंगारवाला उठला, भिंतीपाशी गेला, न बघता तिसऱ्या थरात हात घातला आणि एकतीस नंबर बाहेर ओढला. "माल हाताला कळतो साहेब," तो म्हणाला. दिवसात दुसऱ्यांदा सरांनी हे ऐकलं, आणि अभ्यासक्रमाच्या सहाशे पानांत ते कुठेच नव्हतं.

चार पंचेचाळीसला मशीन लागलं. भंगारवाल्याची स्क्रीन, भंगारवाल्याची वायर, सरांच्या फोनचं नेट. फाइल होती. चार बावन्नला ती चढू लागली. चार चोपन्नला स्क्रीन गोठली. सर नुसते बघत राहिले. हात उचलेना. चौदा वर्षांचं ज्ञान असं ऐनवेळी माणसाला सोडून जातं.

भंगारवाला त्यांच्या खांद्यावरून वाकला. "साहेब," तो जरा संकोचून म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही, पण एकदा बंद करून परत चालू करून बघा की."

चार अठ्ठावन्नला फाइल पोचली.

सर बसस्टॉपवर उभे होते तेव्हा मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. सरांनी फाइल पोचल्याचं सांगितलं.

"छान. म्हणजे लायब्ररी तुमची. शब्द तो शब्द." मग बाई पुढे म्हणाल्या, "आणि सर, सकाळचं जाऊ द्या. लॅबचा तो कोपरा तुम्ही फार चांगला मोकळा केलात. मी मापं घेतली. सगळी कपाटं तिथे बरोबर बसतात."

"कपाटं? लॅबमध्ये?"

"लायब्ररी तिकडेच हलवू. दोन्ही एकाच माणसाकडे म्हटल्यावर तुम्हाला जिन्यावरून धावाधाव नको. लॅब काय, तुमच्याकडेच राहील."

"आणि लायब्ररीची खोली?"

"ती मी माझ्या ऑफिसला घेते. छान उजेड आहे हो तिथे. खिडकीतून झाडही दिसतं थोडं."

सर घरी आले तेव्हा बायको आतल्या खोलीत शेजारणीशी बोलत होती. "अहो, आलात? झालं का काम?" तिने तिथूनच विचारलं.

"झालं. लायब्ररी मिळाली."

"अगं बाई! मग आज चहा तुमच्या हातचा!"

सर स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला. पहिल्यांदाच त्यांना डबा शोधावा लागला नाही; चिठ्ठी समोरच होती. दोन चमचे, अर्धा जास्त, आनंदाची बातमी म्हणून. कप घेऊन ते खुर्चीत टेकले आणि पहिला घोट घेतला.

"साखर सापडली ना हो?" आतून आवाज आला.

सरांनी ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. माल दुपारीच आपापल्या जुन्या जागी गेला होता. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'साखर' लिहिलं होतं.

"सापडली," सर म्हणाले, आणि त्यांनी कप संपवला.