आमचा छकडा मुका केला त्याची गोष्ट

बायांनो, एखादं काम गुपचूप करावं तर ते या रंगूबाईनंच! असं मी आमच्या दिवा गावच्या विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं होतं. हसल्या मेल्या! म्हटलं, थांबा, दाखवतेच.

गुपचूप करायचं काम म्हणजे आमच्या त्र्यंबकाचं लग्न. मुलगा लाखात एक. रेल्वेच्या कचेरीत कारकून, खाली मान घालून जेवणारा. पण दोन स्थळं हातची गेली, आणि दोन्ही घालवली ती समोरच्या हौसाबाईनं! ही माझी चुलत जाऊ. तिची नाती ठाण्यापासून कल्याणापर्यंत भोपळ्याच्या वेलासारखी पसरलेली. आम्ही मुलगी बघायला निघालो रे निघालो की हिचा निरोप आमच्या आधी तिथे हजर. "मुलगा गाईसारखा आहे हो, पण सासूची जीभ म्हणजे विळी! पोर खोबऱ्यासारखी खवली जाईल." झालं! मुलीची आई घाबरली, की आम्हाला गूळपाणी देऊन वाटेला लावायची.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही निघालो हे हौसाबाईला कळायचं कसं? अहो, आमच्या छकड्यामुळे! छकडा अस्सल सागवानी, पण आवाज असा, की अख्खी तांबटआळी वरातीला निघाली आहे. आख किंचाळतो, फळ्या खडखडतात, चाकांच्या लोखंडी धावा दगडांवरून घणघणतात, आणि वर बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा! हौसाबाई ओटीवर तांदूळ निवडता निवडता सांगायची, "वहिनी काल ठाण्याला गेल्या होत्या ना? येताना गाडी जड वाजत होती. गुळाची ढेप आणली वाटतं." आणि ढेपच आणलेली असायची!

तशात कल्याणचं स्थळ आलं. सहदेवराव म्हणून मोठं घर. मुलगी सगुणा. बापानं शिकवत ठेवली म्हणून लग्न लांबलं, पण मुलगी हुशार. हे स्थळ गेलं असतं तर त्र्यंबक ब्रह्मचारीच राहिला असता, आणि ते पापही हौसाबाईनं माझ्याच नावावर लिहिलं असतं. मी ठरवलं, छकड्याचं तोंड बंद करायचं!

त्र्यंबकाला विचारलं. तो म्हणाला, "आई, मुंबईत साहेबलोकांच्या बग्गीच्या चाकांना रबर लावतात."

"साहेबाला सांग तुझं लग्न जमवायला!" मी म्हटलं.

यांना विचारून उपयोग नव्हता. आमच्या घरात यांची सत्ता चालते ती झोपाळ्यावर, आणि तोसुद्धा मी तेल घातलं तर हलतो.

शेवटी तळ्यापलीकडच्या गॅब्रिएल सुताराला बोलावलं. त्यानं छकड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, फळ्यांवर टकटक केलं, वैद्यानं पोट वाजवावं तसं.

"बाय, हिला तीन आजार हाईत," तो म्हणाला. "आख रडते, फल्या भांडतात, नि धावा बोंब मारतात. तिन्हींना येगलं अवशद."

"घरात आम्हीही तिघंच आहोत," मी म्हटलं. "औषध सांग."

आखाला एरंडेल आणि तागाच्या चिंध्या, हे लगेच ठरलं. फळ्यांच्या फटींत आणि खाली जुनं घोंगडं ठोकायचं, हेही ठरलं. भांडण झालं ते धावांवरून. गॅब्रिएल म्हणे काथ्याच हवा. मी म्हटलं, काथ्या कशाला विकत आणायचा? घरात पेंढा पडलाय की! पेंढ्याच्या वेण्या वळल्या, चाकांना गच्च बांधल्या, छकडा फिरवून बघितला. अहाहा! मांजर चालावं तसा चालला!

सकाळी बघते तर एका चाकाची वेणी साफ! आमच्या बाळ्या बैलानं दाव्याला झोंबून झोंबून खाल्ली होती. दुसरं चाक राहिलं होतं म्हणून गावातून चक्कर मारायला नेलं, तर मागे चार गाई, एक रेडकू आणि नाथाची शेळी! गुपचूप जायचं राहिलं बाजूला, मीच गोकुळ घेऊन निघाल्यासारखी दिसत होते!

"मी बोल्लो व्हतो, बाय," गॅब्रिएल म्हणाला.

"बोलला होतास ते हळू बोलला होतास," मी म्हटलं.

मग कापूस झाला. एका ओढ्यात भिजला आणि चाकं जलोदर झाल्यासारखी फुगली. शेवटी मुकाट्यानं काथ्या आणला. काथ्याचा जाड दोर धावांवर शेजारी शेजारी गुंडाळला, वरून गोणपाट ताणून शिवलं. बैलांच्या घुंगूरमाळा काढून कोठीत टाकल्या. गाडीवान धोंडीबाला बजावलं, "वाटेत कुणी काहीही विचारो, तू तोंड उघडायचं नाहीस! ब्रह्मदेव आला तरी नाही!"

"आन् बाय, मला शिंक आली तं?"

"गिळ!"

ठरल्या दिवशी उन्हं पडताच मी आणि धोंडीबा निघालो. हौसाबाई पाठमोरी अंगण सारवत होती. आमचा छकडा तिच्या मागून हातभर अंतरावरून गेला आणि तिचा पोचारासुद्धा थबकला नाही! मला इतका आनंद झाला की ओरडून तिला सांगावंसं वाटलं. तोंडात पदर कोंबला.

वेशीबाहेर आलो आणि बैल थांबले. धोंडीबानं शेपट्या पिरगाळल्या, चुचकारलं. बैल ढिम्म!

"काय झालं रे?"

धोंडीबा गप्प.

"अरे बोल ना मेल्या!"

"तुमीच बोल्ल्यात बोलू नको म्हनून! बाय, घुंगराबिगर ह्ये चालत नाय. त्यांना वाटतं सुट्टी हाय."

आता आली का पंचाईत? कोठीतल्या घुंगूरमाळा आणायच्या म्हणजे पुन्हा हौसाबाईच्या अंगणावरून जायचं. मग माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि आतून बैलांच्या दिशेनं हलवला. छुन छुन. चालले! थांबवला की थांबले! ज्या किल्ल्यांच्या आवाजानं आमच्या घरातली माणसं हलतात, त्याच्यावर आता बैलही हलायला लागले. तिथून कल्याणपर्यंत मी पडदा खाली सोडून, डोक्यावरून पदर ओढून, देवळातल्या पुजाऱ्यासारखी किल्ल्या वाजवत बसले. खांदा निखळायची वेळ आली!

पण वाटेत एक नवल दिसलं. पडद्याच्या फटीतून बघते तर माणसं बाजूला होऊन उभी राहात होती. डोंबिवलीच्या शिवेवर एका शेतकऱ्यानं पागोटं काढून हात जोडले. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. माझी छाती भरून आली. म्हटलं, रंगू, तुझं नाव इथवर पोचलंय!

तेवढ्यात मागून एक टांगा आला. आतल्या गृहस्थानं छकडा ओळखला. "अहो, ही दिव्याच्या रंगूबाईंची गाडी ना? काय झालं हो?"

धोंडीबा इमानी माणूस! तोंड घट्ट मिटलं आणि, माझा ब्रह्मदेव आठवून की काय, वर आभाळाकडे बघितलं.

"अरेरे!" गृहस्थ म्हणाला. आतून किल्ल्यांचा आवाज आला तशी त्यानं मानही खाली घातली. मग टांगा कल्याणच्या दिशेनं उधळला. शहाणा माणूस, म्हटलं. पुढे जाऊन वर्दी देईल.

दिली! चांगलीच दिली!

सहदेवरावांच्या दारात छकडा थांबला आणि आतून रडारड ऐकू आली. दारात चुलीची लाकडं पाणी ओतून विझवलेली. ओट्याखाली सांज्याच्या पोळ्यांची चळत, आणि ती कुत्री खात होती! तुपातल्या पोळ्या! माझ्याकरता केलेल्या! मी खाली उतरले. डोळ्यांपर्यंत पदर, अंगभर धूळ. एक बाई धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"कोण गेलं हो?" मी घाबरून विचारलं.

"असं काय करता? दुःखानं भ्रमलात का? दिव्याच्या रंगूबाई नाही का गेल्या! तुमची गाडीच सांगतेय ना!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे घरात माणूस गेलं की बैलांचे घुंगूर काढतात. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं! सासूबाई गेल्या तेव्हा मीच या हातांनी काढले होते. पण डोक्यात हौसाबाई अशी ठाण मांडून बसलेली, की रिवाजाला टेकायला जागा नव्हती!

"अहो, मी..." मी तोंड उघडलं.

"बसा, हौसाबाई, बसा," ती म्हणाली. "तुम्हीच ना त्या समोरच्या जाऊबाई? तुमचे निरोप येतात आमच्याकडे."

निरोप! म्हणजे इथेही पोचला होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलीच्या आईचा आवाज आला. रडत होती, पण शब्द स्वच्छ होते.

"मी म्हणते, बाई गेल्या ते वाईटच झालं. पण सगुणाचं नशीब बघा! मुलगा गुणी, घर भरलेलं, सासरे झोपाळ्यावर, आणि सासू नाही! असं स्थळ तप करून मिळायचं नाही!"

"हळू बोल," सहदेवराव म्हणाले. "त्यांची माणसं बाहेर बसलीत. पण मलाही तेच वाटतं. त्या बाईंच्या जिभेमुळेच मी नाही म्हणणार होतो."

नाही म्हणणार होतो! ऐकलंत? चाकांवर तीन औषधं खर्ची घातली, बैलांपुढे किल्ल्या वाजवल्या, आणि हा नाही म्हणणार होता! माझ्या जिभेवर अशी एकेक उत्तरं उभी राहिली, की त्या घराची कौलं उडाली असती. पण समोर त्र्यंबकाचा खाली मान घातलेला चेहरा आला. बायांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी बोलले नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि बसले. छकड्याला घोंगडं ठोकलं तसं मीच माझ्या तोंडाला ठोकलं!

मुलीची आई म्हणत होती, "बाई नुसती भांडकुदळ होती म्हणे." बोळा आणखी आत. मुलीची आत्या म्हणाली, "नवऱ्याला झोपाळ्यावरून उठू देत नव्हती." आणखी आत. माझे डोळे बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, काय शोक करतेय बिचारी!

शेवटी सहदेवराव चार माणसांना घेऊन ओट्यावर आले, हात जोडले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हौसाबाई, दुःख मोठं आहे. पण शुभकार्य वर्षाच्या आत करायला हवं. या चौघांसमोर शब्द देतो, सगुणा त्र्यंबकरावांना दिली. सहदेवाचा शब्द फिरत नाही."

"नाही ना फिरत?" मी बोळ्यातून विचारलं.

"मेलं माणूस उठून आलं तरी नाही!"

मी बोळा काढला. पदर मागे सारला. "मग विहीणबाई, चूल पेटवा! मी रंगूबाई. सकाळपासून उपाशी आहे, आणि माझ्या पोळ्या कुत्र्यांनी खाल्ल्या आहेत!"

मुलीची आई भिंतीला टेकून खालीच बसली. आत्या "भूत! भूत!" करत मागच्या दारानं पळाली. सहदेवराव मात्र हात जोडून तसेच उभे. माणूस शब्दाचा पक्का, पण चेहरा असा, की आता खरोखर सुतक लागलंय.

परत येताना दिव्याच्या वेशीवरच रड ऐकू आली. बातमी रेल्वेनं आमच्या आधी पोचली होती. हौसाबाई आमच्या ओटीवर ऊर बडवत होती. "वहिनी गं! आता मी भांडू कुणाशी?" मी मागून येऊन उभी राहिले तरी तिला चाहूल नाही, गॅब्रिएलचं काम इतकं सुरेख! पोटभर ऐकून घेतलं आणि मगच म्हटलं, "आहे गं मी. भांड."

लग्न झालं. सगुणा घरात आली. मुलगी गुणाची, कामाला चलाख, उलटून बोलत नाही. मी काहीही म्हटलं तरी नुसती हसते. मी विहिरीवर सांगितलं, बघा, सासू कशी असावी!

मागल्या आठवड्यात छकडा दुरुस्तीला काढला. घुंगूरमाळा होत्या, पण उरलेला काथ्या, गोणपाट आणि घोंगडं कुठे दिसेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी गॅब्रिएलला विचारलं.

"त्ये व्हय?" तो म्हणाला. "त्ये सूनबायनं माझ्याकडनंच ठोकून घेतलं, बाय. त्यांच्या खोलीच्या दाराला. आतल्या अंगानं."