बिनखिळ्याचं घर

आमच्या आत्याने आयुष्यात कुठल्याही भिंतीत खिळा ठोकला नव्हता.

पाथर्डीकडून आमची दोन बिऱ्हाडं चिखलीत आली ती पत्र्याच्या एकाच खोलीत. मधे जुन्या साडीचा पडदा. अलीकडे आम्ही, पलीकडे आत्या. घरमालकाची पहिली अट, भिंतीला खिळा मारायचा नाही. दुसरी, सांगितलं की खोली खाली करायची. भाडं वाढलं की आम्ही हातगाडीवर भांडी रचून पुढच्या गल्लीत. माझी शाळा एकच राहिली, पण घरं किती झाली ते आईलाही सांगता येत नाही. प्रत्येक वेळी आत्या आधी तयार असायची, कारण तिचं सामान ट्रंकेतून बाहेर निघायचंच नाही.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. आत्याने त्यात सेल घातले आणि ते ट्रंकेत ठेवलं. वेळ बघायची तर झाकण उघडायचं. कुणी हसलं की म्हणायची, "चालतंय की आत. बंद थोडंच हाय?"

फंडाच्या पैशातून मामांनी चाकणच्या पुढे माळावर एक तुकडा घेतला. पाणी कमी, नुसता धोंडा, म्हणून परवडला. त्यावर मातीच्या भिंतींच्या चार खोल्या उभ्या केल्या आणि वर्षभरात मामा गेले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअर झाले, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मीच आत्याला म्हटलं, "शहरातली माणसं अशा शांत जागी राहायला येतात. खोल्या त्यांना देऊ, बुकिंग मी बघते."

माणसं आली, पण थोडी. एसी नाही, वाळ्याचे पडदे. लॉन नाही, बोरी, बाभळी, तरवड आणि निवडुंग. अंघोळीचं पाणी झाडांना. एका साहेबांनी विचारलं, "आजी, या काट्यांच्या जागी मस्त लॉन का नाही करत?"

"ही बाभळ हितलीच हाय," आत्या म्हणाली. "तिला तुमी चालताय. तुमाला ती चालत न्हाई व्हय?"

दुपारी माठाखालच्या ओलीवर एक घोरपड यायची. आत्या तिची ओळख 'आमच्या जाऊबाई' अशी करून द्यायची. "येत्यात, पानी पित्यात, जात्यात. उगा बोलत न्हाईत." खोल्यांत खुंटी नाही, हुक नाही. पाहुणे विचारायचे, टॉवेल कुठे अडकवू? उत्तर ठरलेलं : "खांद्यावर."

आत्याचा मुलगा संजय वाकडला फ्लॅटमध्ये राहतो. शेजारच्या गोडाऊनवाल्याचा या जागेवर डोळा होता. संजय म्हणाला, "आई, हा उन्हाळा बघू. माणसं नाही आली तर जागा त्याला देऊ. तू माझ्याकडं ये."

आत्या "बरं" म्हणाली आणि पलंगाखालची ट्रंक ओढून दाराजवळ ठेवली.

मेमध्ये वाकडच्या एका कंपनीने सगळ्या खोल्या घेतल्या. एवढं मोठं बुकिंग पहिलंच. संजयही आला. बस वळली आणि फाटकापासून लांब थांबली, कारण ऐन वाटेत टिटवी अंड्यांवर बसली होती. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या खड्यांवरच अंडी घालते. आत्याने भोवती धोंडे मांडून काठीला लाल चिंधी बांधली होती.

"मावशी, अंडी पाटीत घालून बाजूला ठेवा की," ड्रायव्हर म्हणाला. "बस फाटकापर्यंत नेतो."

"बाळंतीण हाय, बाबा. उठवायची न्हाई."

"अहो, पक्षी आहे तो!"

"मंग? पक्षी बाळंतीण नसतो व्हय?"

बसमधून हाका सुरू झाल्या. संजय दात आवळून म्हणाला, "आई, ही माणसं परत गेली तर काय होणार, माहितेय ना तुला?"

"माहिती हाय. मी जाईन. पर हिला न्हाई उठवनार." मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "तुझी पाचवी पुजायची हुती, त्या दिवशी मालकानं खोली खाली करायला लावली. तुझी पाचवी मी रस्त्यावर पुजली, हातगाडीच्या आडोशाला."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. संजयनेही नसावं.  तो बसपाशी गेला, पहिली बॅग खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "इथून जरा चालत यावं लागेल. वाटेत बाळंतीण आहे."

लोक आधी कुरकुरले, मग हसले, मग उन्हात लांबून वळसा घालून आले. संध्याकाळी तेच लोक ओट्यावर गप्प बसून टिटवी बघत होते. निघताना त्यांनी पुन्हा येऊ असं सांगितलं, आणि आले. त्यांच्या ओळखीने आणखी आले.

पिल्लं बाहेर पडली, त्या रविवारी संजय जेवायला आला होता. ताटातून मान वर न करता म्हणाला, "गोडाऊनवाल्याला नाही म्हणून सांगितलं."

आत्या उठली. हात धुऊन बाहेर गेली, मुठीत मावेल असा धोंडा घेऊन आली आणि म्हणाली, "खिळा हाय का रं कुनाकडं?"

या घरात खिळा कुठून असणार? संजय जेवण अर्धं टाकून गाडीवरून चाकणला गेला.

मामांचं घड्याळ आता भिंतीवर आहे.